नदीतला झरा

सातारा स्टँडवरून पंढरपूरची गाडी सुटली तेव्हा धड उजाडलेही नव्हते. मी म्हसवडचे तिकीट मागितले. अर्धे तिकीट हातात देत कंडक्टर म्हणाला, "रथ झाला की बाई परवाच. उशीर केलात." मार्गशीर्षाच्या पहिल्या आठवड्यात एकटी बाई म्हसवडला निघाली म्हणजे ती सिद्धनाथाच्या रथालाच निघाली असणार, हे त्याने गृहीत धरले होते. रविवार होता. उपासना चुकवून मी निघाले होते आणि गळ्यातला चांदीचा बारीक क्रूस पदराच्या वर होता.

तो काढून ठेव, असे भाच्याने आदल्या रात्री फोनवर तीनदा सांगितले होते. त्याची काळजी मला कळत होती. २०२५ च्या जूनमध्ये सांगलीत एका तरुण, गरोदर बाईने जीव दिला. सासरचे लोक ख्रिस्ती रिवाज पाळण्यासाठी छळतात, अशी तिच्या माहेरच्यांची तक्रार होती. त्या लेकीसाठी आमच्या मंडळीत आम्ही प्रार्थना केली. तिला कोणी छळले असेल तर त्याला शिक्षा झालीच पाहिजे, मग तो येशूचे नाव घेणारा असला तरी, किंबहुना घेणारा असला तर अधिकच. पण पाठोपाठ सांगलीतल्याच एका सभेत एका आमदाराने पाद्र्यांना मारणाऱ्याला लाखांची बक्षिसे जाहीर केली. ११ जुलैला मुंबईच्या आझाद मैदानावर ख्रिस्ती माणसे जमली, त्यांत मीही होते. तिथे एका म्हाताऱ्या पाळकांच्या शेजारी बसले होते. ते सबंध वेळ काही बोलले नाहीत, फक्त गुडघे दाबत राहिले. परत निघताना म्हणाले, "आपले पूर्वज मैदानात आले नव्हते, बाई. ते गावात राहिले होते. ते अवघड."

त्या वाक्यामुळे मी म्हसवडला निघाले. माझे पणजोबा गावात राहिले होते.

आदला दिवस मी साताऱ्यात काढला, रेव्हरंड टिळकांसाठी. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, जे कोणी ख्रिस्ताला गुरू मानतील त्या सगळ्यांचा एक बंधुसमाज त्यांना हवा होता. पुढे दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईत वारले आणि दरबार स्वप्नातच राहिला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मराठी ख्रिस्ती घरांत 'उपासना संगीत' उघडले की त्यांचीच गाणी आधी ओठांवर येतात. त्यांनी ज्या शहरात हा अखेरचा घाट घातला, तिथे रात्रीचा मुक्काम करून मग माणदेशात उतरावे, असे मला वाटले. त्याला कारण आहे, ते पुढे येईलच.

कोरेगाव मागे पडले, पुसेगावला चहा झाला. पुढे झाडे विरळ होत गेली. दहिवडीच्या आसपास माळ उघडे पडतात आणि आभाळ एकदम मोठे होते. गोंदवल्याला निम्मी गाडी रिकामी झाली. शेजारची आजीबाई माळ ओढत उतरताना माझ्या क्रुसाकडे बघून म्हणाली, "नाव घेता ना? मग झालं." मी हो म्हणाले.

ही सातारा-पंढरपूर वाट. तिच्या एका टोकाला टिळकांचा अखेरचा घाट आणि दुसऱ्या टोकाला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा वनवास. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाईंना लहान मुलाला घेऊन पंढरपुरात बहिणीच्या आश्रयाने दिवस काढावे लागले. नवरा जिवंत, पण बाटलेला. कुंकू आहे, पण घर नाही. येणारा-जाणारा बघायला येई, कीव करी, टोमणे मारी. 'स्मृतिचित्रे'मध्ये बाईंनी हे सगळे इतक्या मोकळेपणाने लिहिले आहे की वाचताना आधी हसू येते आणि मग आपल्या हसण्याची लाज वाटते. चार-साडेचार वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या टिळकांकडे आल्या, तरी धर्म लगेच बदलला नाही. आधी मनातली जात गेली, मग १९०० मध्ये बाप्तिस्मा आला. मी टिळकांना मानते, त्यांच्यावर माझा जीव आहे, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. श्रद्धेसाठी टिळकांनी सोसले, त्याचे मोल त्यांना ठाऊक होते. लक्ष्मीबाईंनी टिळकांच्या श्रद्धेसाठी सोसले तेव्हा ती श्रद्धा बाईंची नव्हतीच. आमच्या घरातही असेच झाले होते.

म्हसवडला उतरले तर रस्त्यावर अजून गुलाल होता. दुकानांच्या पायऱ्या, गटारांचे काठ, बैलाची शिंगे, सगळे गुलाबी. खोबऱ्याचे तुकडे सांदीत अडकलेले. सिद्धनाथाच्या देवळात गर्दी ओसरलेली होती. मी बाहेरच्या ओट्यावर थोडी टेकले. समोरून एक पोर 'चांगभलं' म्हणत पळत गेले आणि मला आजी आठवली. माझी आजी ख्रिस्ती होती, आयुष्यभर एक रविवार चुकवला नाही, पण ठेच लागली की तिच्या तोंडून 'चांगभलं' निघे. पाळक एकदा रागावले तेव्हा म्हणाली होती, "माझ्या आईचा शब्द आहे तो. देवाला कळतंय."

पणजोबा सणगर. घोंगड्यांचा माग. गाव म्हसवडपासून थोडे आत, माण नदीच्या काठाला. गावाचे नाव मी लिहीत नाही. ज्यांनी केले ते गेले आणि त्यांच्या पणतवंडांचा यात काही दोष नाही. पन्नाशीच्या आतच पणजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. विणकराचे डोळे गेले म्हणजे घरच गेले. कोणीतरी मिरजेचे नाव सांगितले. मिरजेला १८९४ पासून मिशनचा दवाखाना होता आणि डॉक्टर वानलेस यांच्या हाताचा गुण कर्नाटकापर्यंत माहीत झाला होता. बैलगाडीने, मग आगगाडीने धाकटा भाऊ त्यांना घेऊन गेला. वानलेससाहेब १९२८ मध्ये मिरज सोडून गेले. ही त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट, कारण आजी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती आणि वडिलांचे पट्टी बांधलेले डोके तिला आठवत होते.

पट्टी सुटली, दिसायला लागले, सगळे आनंदात घरी आले. पणजोबा पुढच्या वर्षी पुन्हा मिरजेला गेले. डोळ्यांचे काही काम नव्हते. तिथे वॉर्डात संध्याकाळी कोणी शुभवर्तमान वाचून दाखवी, त्यातली जन्मांध माणसाची गोष्ट अर्धी ऐकून झाली होती आणि पुढे काय झाले ते ऐकायचे होते, असे त्यांनी घरी सांगितले. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात ही गोष्ट आहे. येशू आंधळ्याला दृष्टी देतो, एवढेच आपण लक्षात ठेवतो. पण दृष्टी आल्यावर त्या माणसाचे काय होते? शेजारी ओळख नाकारतात, पंच चौकशीला बसतात, आईबाप भीतीने हात झटकतात आणि शेवटी त्याला सभास्थानातून हाकलून देतात. येशू त्याला शोधत येतो तो त्यानंतर. तो पुढचा भाग ऐकून पणजोबा तिसऱ्या खेपेला बाप्तिस्मा घेऊन आले.

मग गावाने त्यांना वाळीत टाकले.

हा शब्द आता आपण सहज वापरतो, मित्रांनी सहलीला बोलावले नाही तरी. वाळीत टाकणे म्हणजे काय ते आजीकडून ऐकावे. न्हावी येईना. कोणी विस्तव देईना. आजीच्या मोठ्या बहिणीची ठरलेली सोयरीक मोडली. बाजारात मांडलेले घोंगडे लोक लांबून बघत, हात लावीत नसत. आणि विहीर बंद. माणदेशात विहीर बंद करणे म्हणजे काय, हे तिथला उन्हाळा पाहिल्याशिवाय कळायचे नाही.

"डोळ्यांसाठी बाटला," असे म्हणत. हे बोलणे मी माझ्या लहानपणीही ऐकले आहे. नगर जिल्ह्यात, जिथे माझे सासर आहे, तिथे तर 'पोटासाठी बाटले' हे ठरलेलेच. दुष्काळात मिशनने खडीची कामे दिली, अनाथ पोरांना सांभाळले, हे खरे. काही जण भाकरीच्या वाटेने आले, हेही खरे असेल. पण पणजोबांचे उत्तर मला आजही पुरते. ते म्हणत, "डोळे तर आधीच मिळाले होते. घेऊन घरी आलो असतो तर कोणी मागितले नसते." त्यांच्याबरोबरच्या खाटांवरची सगळी माणसे डोळे घेऊन घरी गेली आणि आपापल्या देवांचा नवस फेडती झाली. दवाखान्याने कोणाचे डोळे परत मागितले नाहीत. पणजोबांना मिळायचे होते ते मिळून गेले होते. बाप्तिस्म्यानंतर फक्त जायचे होते.

धाकट्या भावाने शेताचा तुकडा मागितला, तू बाटलास, तुझा वाटा बुडाला म्हणून. त्यावर मिरजेच्या मंडळीतल्या कोणा जाणत्याने सांगितले की १८५० सालापासून कायदा आहे, धर्म बदलला म्हणून वारसा जात नाही. भाऊ गप्प बसला. कायद्याने जमीन राखली. पाणी राखणारा कायदा मात्र नव्हता. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा, आणि तो लागू झाला २०१७ च्या जुलैत. पणजोबांच्या वाळीत पडण्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी.

म्हसवडहून रिक्षा करून मी त्या गावाच्या नदीपर्यंत गेले. पणजीची गोष्ट मला नदीतच उभे राहून आठवायची होती.

पणजीने बाप्तिस्मा घेतला नव्हता. कधीच घेतला नाही. तिचा भाऊ तिला न्यायला आला, चल माहेरी, शुद्ध करून घेतो म्हणाला. पंच म्हणाले, तू आमचीच आहेस, त्याला सोड, विहीर तुला मोकळी. ती म्हणाली, "नाथानं मला सांगितलं न्हाई ह्याला सोड म्हनून." आणि घागर घेऊन नदीत उतरली. माण नदी उन्हाळ्यात कोरडीठाक. वाळूत हाताने खड्डा उकरायचा, कोपरभर, मग हातभर. तळाशी ओल दिसते, मग पाझर जमतो. तो वाटीने हळूहळू उपसायचा, गढूळ होऊ न देता. एक घागर भरायला सकाळ जायची. आजी जवळ बसून वाटी धरायची. रात्रीत कोणीतरी झरा बुजवायचे. पणजी दुसरा उकरायची. आजी सांगे, आईच्या बोटांची नखे त्या सालापासून कधी नीट वाढलीच नाहीत.

रथाच्या दिवशी पणजी म्हसवडला जाई. गर्दीत तिला कोणी शिवून घेईना म्हणून लांब, नदीच्या उतारावर उभी राही आणि तिथून खोबरे उधळी. ते रथापर्यंत पोचत नसे. घरी येऊन नवऱ्याला भाकरी वाढी. नवरा डोळे मिटून येशूच्या नावाने प्रार्थना करी आणि ती प्रार्थना संपेपर्यंत थांबे. दोघांनी एकमेकांना कधी आपल्या बाजूला ओढले नाही. लोकर कुठून मिळे, हे आजीला मोठेपणी कळले. विकत द्यायला कोणी तयार नव्हते, पण मेंढरे कातरण्याच्या दिवसांत एक धनगर पहाटे कुडाच्या मागे गठडे टाकून जाई. पैसे दगडाखाली ठेवायचे. त्याचे नाव आजीला माहीत नव्हते. तिच्या वडिलांना असणार, पण त्यांनी ते मरेपर्यंत सांगितले नाही.

आता नदीत वाळू नाही. उपसून नेली. खाली मुरूम आणि कातळ उघडा पडला आहे, मधूनमधून हिरवट पाण्याची डबकी. मी हाताने उकरून पाहिले. चार बोटे खाली दगडच लागला. बांधावरून एका पोराने हाक मारली, "आजी, काय हरवलं काय?" मी म्हटले, इथे झरा असायचा. तो हसला. "आता नळाला येतंय पाणी." त्याने गाडीच्या डिकीतली बाटली काढून दिली. मी उभ्याउभ्या प्याले. कुठल्या, कोणाच्या, त्याने काही विचारले नाही. त्या काठावर माझ्या माणसांना कोणी दिलेले ते पहिलेच पाणी होते का, या विचाराने मला थोडा वेळ चालता येईना.

साताऱ्याला टिळकांच्या दरबारासाठी मी का थांबले, ते आता सांगते. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, एका पंगतीत. मंडळीच्या नोंदवहीत माझ्या पणजोबांचे नाव आहे. पणजीचे नाही. तिची माती कुठल्या दफनभूमीत नाही, नदीकाठी तिला दहन दिले आणि खांदा द्यायला मिरजेहून चार ख्रिस्ती माणसे आली होती. श्रद्धेसाठी छळ सोसलेल्यांची यादी आपण करतो तेव्हा लक्ष्मीबाईंची पंढरपुरातली वर्षे त्या यादीत कुठे लिहायची? माझ्या पणजीची नखे कुठे लिहायची? टिळकांच्या दरबारात त्यांना जागा झाली असती. माझ्या मंडळीत मी हे बोलते तेव्हा काही चेहरे गंभीर होतात. होऊ देत.

आणखी एक यादी आहे. नगरकडच्या माझ्या नात्यातली कितीतरी माणसे कागदावर एक आणि रविवारी दुसरी आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो नाही. गाव त्याला पूर्वीच्याच जातीने ओळखते, सरकार ओळखत नाही. २०२२ मध्ये या प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला. पोराच्या फीसाठी दाखल्यावर जुना धर्म ठेवणाऱ्या बापाला मी दुबळा म्हणणार नाही. त्याने रात्री दाराला कडी लावून म्हटलेली प्रार्थना मी ऐकली आहे.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून म्हसवडात एका सणगराच्या घरी गेले. पत्ता रिक्षावाल्याने दिला. ओसरीत माग, त्यावर काळ्या लोकरीचे अर्धे घोंगडे. म्हातारबाबा कुंच्याने चिंचोक्याची खळ फिरवत होते. तो आंबूस, मातकट वास नाकात शिरला आणि आजीची ट्रंक उघडल्यासारखे झाले. मी न राहवून काठावरून बोट फिरवले. हाताखाली खरखर लागते, मग ऊब येते.

"कुठलं गाव म्हनायचं ताई?"

मी पणजोबांच्या गावाचे नाव सांगितले. सणगराचीच पणती, असेही म्हटले. त्यांचे डोळे क्रुसावर गेले. भाच्याचा फोन मला आठवला.

"आम्ही ख्रिस्ती," मी म्हणाले. "माझे पणजोबा ख्रिस्ती झाले होते."

ते कुंचा फिरवत राहिले. एक ओळ पुरी झाली, दुसरी सुरू झाली. "आमचं थोरलं सांगायचं," ते म्हणाले, "त्या गावात एक जण व्हता. त्याचं घोंगडं बाजारात कुनी शिवत नसायचं. पन वीण अशी, की मानसं लांबनं बघून शिकायची." मग वर बघून म्हणाले, "न्यायचंय का एखादं?"

हवे आहे म्हटले. नाताळच्या आदल्या रात्री आमच्याकडे भजन असते, जमिनीवर बसतो, फरशी फार गार पडते.

"किती मानसं बसत्यात?"

"वीस-पंचवीस."

त्यांनी माझ्या हातातले घोंगडे काढून घेतले. "मग ह्ये न्हाई पुरायचं," म्हणाले, आणि माळ्यावरचे लांब काढायला नातवाला शिडी आणायला सांगितली.